बेटावरची वाळू

बाबा, काल दुपारी तुमचा तो जुना कृष्णधवल सिनेमा मोबाइलवर पाहिला. ज्वालामुखीच्या बेटावरचा. चंद्रपूरच्या घरी भिंतीला चादर ताणून तुम्ही कॉलेजच्या पोरांना दाखवायचात, तोच. काळा दगड, काळी राख, आणि माहेरी निघालेली ती बाई ट्रंकेवर बसून आहे. नाव येते, खडकापाशी हेलकावते आणि तिला न घेताच परत जाते. इथे तुम्ही प्रोजेक्टर बंद करायचात. "पाहा, तिले माणसानं नाई अडवलं, ह्या खडकानं अडवलं. इथी वाळू असती तं नाव लागली असती, अन् सिनेमाच झाला नसता." मग चष्मा काढून डोळे पुसायचात. मागे बसलेली मीसुद्धा रडायची.

मला तुम्ही पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावात दिलंत. तिथे मोहफुलं पडण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे मोकळ्या जमिनीवर फुलं दिसतात. मी शहरातली, मला काय कळणार? पहिल्याच वर्षी फुलं पडायला लागल्यावर मी काडी लावली आणि त्या दिवसाची फुलं करपली. "फुलं पडाच्या आंधी जाळा लागते बाई! बापानं सिनेमेच दाखवले काय तुले?" सासू ओरडली. नवऱ्याने सगळ्यांदेखत मारलं. पाय राखेने काळे, तशीच मी चंद्रपूरच्या बसमध्ये बसले.

तुम्ही पाणी दिलंत. माझ्या पायांकडे पाहिलंत. मी म्हटलं, बाबा, मला परत जायचं नाही. तुम्ही म्हणालात, "त्या मुलखात माणसं कडकच रायतेत, पोरी. जंगल करते त्यायले तसं. थोडं सोस, सवय होईन." दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन बसमध्ये खिडकीजवळ रुमाल टाकून जागा धरून दिलीत. जंगल म्हणे! त्याच जंगलात शेजारच्या घरचे नवरा-बायको एकाच टोपलीत फुलं वेचत होते आणि एकमेकांची थट्टा करत होते. मी अकरा वर्षं काढली. तुम्ही वारल्यावर माझी मीच निघाले. बस तीच होती, रस्ताही तोच.

काल एक गोष्ट दिसली. सिनेमाच्या सुरुवातीला, मिनिटभरच, बेटाच्या दुसऱ्या अंगाला पोरं धावतात. त्यांच्या पायांखाली वाळू आहे, बाबा. चांगला लांब पट्टा. नाव तिथे सहज लागली असती. गावाला ठाऊक होतं, त्या बाईला कोणी सांगितलं नाही, एवढंच. तुम्ही हा सिनेमा किती वेळा दाखवलात! तुम्हाला ती वाळू दिसली नसेल यावर माझा विश्वास नाही. दोष खडकावर ढकलला की आपल्याला रडायला मोकळीक मिळते. हे मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, बरंच आहे. फक्त एक कबूल करते. वाळू दिसली तेव्हा मी सिनेमा थांबवला, आणि तुम्हाला दाखवायला मागे वळले.