आडोसा लावणारी मुलगी

अण्णा,

तुमची ती शाळेच्या संघातली मुलगी जालन्याला परत आली आहे. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आपल्या घरात ते इतक्या वेळा घेतलं गेलं की माझ्या वाट्याचंही घेऊन झालं. तिचं सरकारी खात्याच्या संघातून खेळणं केव्हाच सुटलं होतं. मग त्याच खात्यात टेबलावर बसून नोकरी केली, आणि आता बदली मागून घेऊन इकडे आली. संध्याकाळी ऑफिस सुटलं की मुलींना बास्केटबॉल शिकवते. त्या मुलींत माझी मुलगी आहे. मी तिला घातलं नाही, मैत्रिणींबरोबर ती आपणच गेली आणि पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाली, "मम्मी, मावशी म्हणल्या मी आजोबांसारखी उभी राहते. कमरेवर हात ठेवून." माझ्या मुलीने तुम्हाला पाहिलेलं नाही. तिचे आजोबा कसे उभे राहायचे हे तिला सांगायचा मान होता माझा, आणि तोही तिने घेतला. मी कणीक मळत राहिले.

भोकरदनच्या आपल्या गल्लीत केबल सगळ्यांच्या आधी तुम्ही घेतलीत, तेव्हा आईला वाटलं होतं की तुम्हाला एकदाची घराची हौस सुचली. तुम्हाला अमेरिकेतले बास्केटबॉलचे सामने बघायचे होते. तिकडे रात्र, आपल्याकडे सकाळ. मी वेणी घालायच्या आत तुम्ही टीव्हीसमोर, चहाची बशी हातात, आणि चहा गार. तुम्ही खेळ शिकवायचात त्या शाळेतली पोरं तिकडच्या मोठ्या खेळाडूंची चित्रं वहीला लावायची. तुम्हाला त्या मोठ्यांचं काही नव्हतं. तुमचं लक्ष भलत्याच माणसांवर. एक टकला होता, पळताना दमल्यासारखा दिसायचा. एक फार उंच नसलेला, सारखा खाली पडणारा. टीव्हीवर सामना सांगणारासुद्धा ज्यांचं नाव घाईत घेऊन पुढं जायचा, तीच माणसं तुमची. "पगारी खेळाडू आहेत हे," तुम्ही म्हणायचात, "सगळी दुनिया बघून राह्यली, आन् तरी ह्याला कुणीच बघत न्हाई." ते तुम्ही असं सांगायचात, जणू त्या टकल्याचं घर आपल्या शेजारी होतं आणि त्याच्यावर झालेला अन्याय तुम्ही डोळ्यांनी पाहिला होता.

त्याच दिवसांतली एक सकाळ. ती मुलगी तेव्हा खेड्यातून पहिल्या एसटीनं यायची आणि शाळा उघडेपर्यंत आपल्या ओट्यावर बसायची. टीव्हीवर एकानं सुंदर बास्केट टाकली. तुम्ही मला विचारलंत, "सांग, ही कुणामुळं झाली?" मी टाकणाऱ्याचा नंबर सांगितला. दुसरं काय सांगणार? तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. तेवढ्यात दारातून ती म्हणाली, "सर, त्यो टकला. त्यो आडवा उभा राह्यला म्हणून ह्याला वाट मोकळी झाली." तुम्ही बशी खाली ठेवलीत. "ये बेटा, आत ये. बस इथं." मला तुम्ही जन्मभर 'अगं' म्हणत आलात. बेटा हा शब्द तुमच्याजवळ आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ते स्वयंपाकघरातलं. तुमचं जेवण झालं की आईच्या वाट्या तुम्ही फरशीवर मांडायचात. पाच वाट्या आपल्या, पाच पेले समोरच्यांचे. आई ओरडायची, "अहो, घासायच्या आहेत त्या." तुम्ही ऐकायचा नाहीत. सगळ्यात मोठी वाटी मी. ती रिंगकडे जायची, म्हणजे पिठाच्या डब्याकडे. आणि एक लहानशी, काठ वाकलेली वाटी म्हणजे ती मुलगी. ती पेल्याला जाऊन टेकायची आणि तिथंच उभी राहायची, म्हणजे मोठ्या वाटीला रस्ता. इंग्रजीत त्याला काय म्हणतात हे तुम्हाला माहीत होतं, पण तुम्ही त्याला आडोसा म्हणायचात. आडोसा लाव. आडोसा सोडू नको. मला वाटायचं, मोठी वाटी मी आहे, तुमचं बोट माझ्यावर असायला पाहिजे. तुमचं बोट कायम त्या वाकलेल्या काठावर.

आणि मी काही वाईट खेळत नव्हते अण्णा. हे तुम्ही कधी म्हणाला नाहीत, म्हणून मीच म्हणते. शाळेच्या त्या मुरमाच्या मैदानावर, वेल्डिंगवाल्याने गजाची करून दिलेल्या रिंगमध्ये मी कुठूनही बॉल टाकायचे. विभागाच्या अंतिम सामन्यात आपल्या संघाचे निम्म्याहून जास्त गुण माझे होते. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला, हात वर, बॉल बोटांतून सुटताना. चहाच्या टपरीवाल्यानं तो पेपर स्वतः घरी आणून दिला. तुम्ही चष्मा लावून नीट बघितलात, घडी घातलीत आणि म्हणालात, "पेपरवाल्यांनी चुकीच्या पोरीचा फोटो टाकला."

आई म्हणाली, "अहो, तुमची लेक आहे ती."

"लेक आहे म्हणून तर बोलून राह्यलो. दुसऱ्याची असती तर गप बसलो असतो."

आईनं तो फोटो कापून देवघराच्या भिंतीला लावला. तुम्ही पूजा करताना तो रोज तुमच्या समोर असायचा. तुम्ही काढला नाहीत आणि त्याच्याबद्दल पुन्हा बोललाही नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. खात्याच्या संघाची निवड पुण्याला होती. तिचे वडील म्हणाले, कापूस वेचायचा आहे, पोरगी जाणार न्हाई. तुम्ही त्यांच्या रानात दोनदा गेलात आणि तिला घेऊन गेलात. मलाही चल म्हणालात, पण ते असं म्हणालात, जसं बाजाराला निघालेला माणूस विचारतो. मी आले नाही. ती निवडली गेली. तिला खेळायचा पगार मिळू लागला, आणि मी कॉलेजात खेळ सोडला. आता मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत आहे. ओल्या कागदावर दाणे मांडून किती उगवतात ते बघायचं. काम चांगलं आहे, शांत आहे. पण तुम्ही तिचे सामने बघायला नागपूर, हैदराबाद करायचात आणि परत येऊन आईला सांगायचात, ती कशी उभी राहिली, कुणाला कसा रस्ता करून दिला. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून सगळं ऐकायचे. टाळ्या बास्केट टाकणाऱ्या दुसरीलाच मिळतात, असं तुम्ही तळमळून सांगायचात. मला त्या दुसरीचा राग यायचा नाही. जिच्यासाठी तुम्ही तळमळायचात, तिचा यायचा.

तुम्ही गेलात तेव्हा ती गाडी पकडून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. तोवर सगळं आटोपलं होतं. ती दारातच खाली बसली आणि अशी रडली की गल्लीतल्या बाया धावल्या. त्यांनी तिला धरलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. एक म्हातारी मला म्हणाली, "लई जीव व्हता गं सरांचा तिच्यावर." मी मान हलवली. माझं रडणं आदल्या दिवशी होऊन गेलं होतं, आणि ते कुणाला लक्षात राहण्यासारखं नव्हतं.

आता ती इथे आहे. केस पांढरे झालेत, एक गुडघा वाकत नाही. मैदानाच्या पायऱ्यांवर आम्ही आया-बाप बसतो. तिला कुणी ओळखत नाही. इतकी वर्षं देशभर खेळली, पण कधी कप्तान नाही, कधी मोठा फोटो नाही. एका आईनं मला विचारलं, "ह्या मॅडम कुठं खेळल्यात का हो?" मी म्हणाले, "खेळल्या असतील." ते म्हणताना मला बरं वाटलं.

गेल्या महिन्यात ट्रॅक्टरच्या शोरूमवाले एक गृहस्थ पालकांना गोळा करू लागले. त्यांचं म्हणणं असं, की दुसरीकडे एक तरुण कोच आला आहे, त्याचे व्हिडिओ आहेत, तो पोरींना बॉल टाकायला शिकवतो. "आन् ह्या बाई काय शिकवून राह्यल्या? नुसतं उभं राहायला. त्याचा काय उपयोग? आपण समदेच तिकडं जाऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती पलीकडे बॉल पिशवीत भरत होती. तिला ऐकू जात होतं. तिनं मान वर केली नाही, पिशवीची नाडी ओढली आणि गाठ मारत राहिली.

मी गप्प बसले असते तर मुलगी तिथून सुटली असती. तिच्या मावशीपासून माझीही सुटका झाली असती. मला तेच हवं होतं. पण त्या गृहस्थाचा मला राग आला, का ते मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित तिला हसायचा हक्क फक्त माझा आहे, असं वाटलं असेल. मी उभी राहिले. म्हणाले, "भाऊ, भोकरदनच्या शाळेच्या संघात सगळ्यात जास्त बास्केट मी टाकल्या. पेपरात फोटो पण माझाच आला. मी एकही बास्केट अशी टाकली न्हाई, की जिच्या वेळी ही बाई कुणाच्या तरी आडवी उभी नव्हती. हिला खेळायचा पगार मिळायचा. मला कुणी दिला न्हाई." माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई ना, ताई." मी म्हणाले, "बराबर आहे. कुणी सांगितलं न्हाई." तरीही दोन-तीन जण गेले. बाकीचे राहिले.

नंतर आम्ही दोघी बसस्टँडसमोर चहाला थांबलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघीच अशा कधी बसलो नव्हतो. तिनं माझे आभार मानले नाहीत, ते मला आवडलं. मी विचारलं, "अण्णा माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

तिनं विचार केला. खोटं बोलणं तिला जमत नाही, हे तुम्हीच सांगायचात. "न्हाई," ती म्हणाली. "मी एकदा विचारलं होतं. सर, तुम्ही तिला कधी शाबास म्हणत न्हाई. तर म्हणले, तिला बघायला समदं गाव आहे बेटा."

"गावाचं मला काय करायचं होतं?" मी म्हणाले.

तिनं चहाचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाली, "माझ्याकडं ते एकटेच बघायचे." आणि कप खाली ठेवून रुमालानं तोंड पुसलं. मला तिची दया यायला पाहिजे होती. मला एवढंच वाटलं, की एकटे का होईना, बघायचे ना.

रविवारी मुलींचा सामना होता, परतूरच्या संघाशी. तुम्हाला तो आवडला असता. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पायरीवर बसले होते. संपल्यावर ती माझ्याजवळ आली, गुडघा धरून, चेहरा फुललेला. "बघितलं का?" म्हणाली. "ती बारकी पोरगी, निळ्या रिबिनीची. काय उभी राह्यली! सर असते तर..." मी म्हणाले, "हो, बघितली."

बघितली नव्हती, अण्णा. कोण निळ्या रिबिनीची, कोणी किती गुण केले, कुणामुळे केले, मला काही सांगता येणार नाही. सामना कुणी जिंकला हेसुद्धा मी रिक्षात बसल्यावर पोरीला विचारलं. माझी पोरगी पहिल्या भागात थोडी खेळली, दोनदा बॉल तिच्या हातून सुटला, मग उरलेला वेळ बाकावर बसून पाणी प्यायली, मैत्रिणीची वेणी घातली, बूट काढला, पुन्हा घातला. मी तेवढंच बघत होते. तुम्ही असता तर हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नसती.