घड्याळातला हेडमास्तर

३ मार्च
चंद्रपूरहून स्मार्टवॉच आणलं. परवा पाचवीला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणार. बायको रीता म्हणाली, आधी स्वतः शिका. दुर्लक्ष केलं.

४ मार्च, सकाळी
टोलीहून, म्हणजे आमच्या वस्तीहून, शाळेला जायच्या वाटेवर, नाल्यापाशी, वाघाचे पगमार्क. पालक म्हणाले, पोरं पाठवत नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, माझ्यासोबत पाठवा. का म्हणालो? असो. मी घाबरत नाही. पाणी तेवढं जास्त पितोय.

५ मार्च
पोरांना नेलं. वाटेत घड्याळ थरथरलं. व्यायाम सुरू आहे का, विचारतं. वर्गात समजावलं: घड्याळात एक हेडमास्तर बसलेला असतो, तीच ऑपरेटिंग सिस्टिम. तळाचा हिरवा दिवा नाडी मोजणाऱ्या मास्तरांचा. हालचाल मोजणारे मास्तर वेगळे. ते नुसते आकडे आणतात. कोणाला कधी काम द्यायचं, पडद्यावर काय दाखवायचं, ते हेडमास्तर बघतो. पाचवीतली आचल म्हणाली, सर, तुमी तं खुर्चीवर बसून आहा, मंग नाडी काऊन पळून राह्यली? म्हणालो, नवा माल आहे, अपडेट यायचंय.

६ मार्च
अपडेट केलं. तरी नाला आला की थरथरतं. सेटिंगमध्ये जाऊन अलर्टच बंद केला. आता नाडी ठीक असावी.

७ मार्च, दुपारी
आजचा धडा: बॅटरी संपत आली की हेडमास्तर बाकीची कामं बंद करतो, जरुरीचं एकच चालू ठेवतो. प्रात्यक्षिक नाल्यावरच झालं. झुडूप हललं. माझं सगळं बंद पडलं, पाय तेवढे चालू. शाळेच्या फाटकाशी मागे पाहिलं तर एकही पोर नाही. परत जायला हवं होतं. पाय उचलेनात. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.
मग आली सगळी, हात धरून, ओरडत, जेवणाची ताटं बडवत. रानडुक्कर होतं म्हणे. कोणी हसलं नाही. घड्याळाने मात्र अभिनंदन केलं, आजवरची सर्वांत वेगवान धाव.

७ मार्च, संध्याकाळी
मदत आणायला पुढे गेलो होतो, असं पालकांना सांगायचं ठरवलं. त्याआधी आचलच दारात आली.
"सर, भेव तं आमालेबी लागते. उद्या तुमी घरीच थांबा, आमी घ्याले येतो. पहिलीची पोरं मधात चालतात, तुमी त्यायच्यात राहा."
मी काही बोलायच्या आत रीता हो म्हणाली. माझा हात कोण धरणार, तेही तिने विचारून घेतलं.