तीन घरं आणि एक सुई

२ मार्च
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. सरकारी घराचं पत्र आलं, इतकी वर्षं रांगेत काढल्यावर. अर्ज सासूबाईंच्या नावावर आहे (घरात म्हातारं माणूस असलं की नंबर लवकर लागतो), पण निर्णय अर्थातच माझा. हाँगकाँगच्या एका अत्यंत महागड्या टॉवरमध्ये मी वॉचमन आहे. घरं मला कळतात.

सध्या मी, बायको सुक-यी आणि सासूबाई एका फ्लॅटच्या तुकड्यात राहतो. मालकाने प्लायवूड ठोकून एका घराची सहा केलीत. शेगडी आणि संडास इतके शेजारी की बसल्याबसल्या भात ढवळता येतो. सातवा मजला, लिफ्ट नाही. नवीन वर्षापासून सासूबाई खाली उतरलेल्या नाहीत. गुडघे. त्यांची मागणी एकच, सकाळी टी-हाउसात बसून चहा प्यायचा. म्हटलं, आई, महिन्याभरात. त्यांनी पलंगाच्या कडेवर दोन बोटं टकटकवली. इथे चहा ओतणाऱ्याचे आभार मानतात ना, तशी. आगाऊच.

४ मार्च
नियम नीट वाचला. तीन घरं दाखवतात, एकामागून एक. तिन्ही नाकारली तर अर्ज रद्द, परत रांगेच्या शेपटाला. सुक-यी म्हणाली, पहिलं मिळेल ते घेऊन मोकळे व्हा. हिला बाजार कळत नाही. फुटपाथवरचा फेरीवालासुद्धा चांगला माल पहिल्या फटक्यात काढत नाही. प्लायवूडपलीकडून शेजारी फान ओरडला, घ्या हो पहिलंच. याला कोणी विचारलं? त्याचंही पत्र येणार आहे म्हणे. येऊ दे.

९ मार्च
पहिलं घर पाहिलं. ड्यूटीवरून थेट गेलो, युनिफॉर्म आणि छातीला वॉकीटॉकी लावून. समोरच्यावर छाप पडते. घरवाटपाच्या ऑफिसातला साहेब उठून उभा राहिला नाही, पण मनात नक्की दचकला असणार. सोबत दिशा बघायचं होकायंत्र नेलं. जुन्या बाजारात घेतलं, विकणारा म्हणाला, खानदानी आहे.

लिफ्ट चालू. संडासाला स्वतःचं दार. सुक-यी ते दार उघडत-मिटत राहिली. पण सुई! उत्तर-दक्षिण सोडून सरळ माझ्या छातीवर रोखलेली. म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाला धोका. नाकारलं. सासूबाईंनी नकारावर विश्वासाने सही केली. चहा कधी, एवढंच विचारलं.

३० मार्च
मी नाकारलेलं घर फानला मिळालं. बिचारा. सुईबद्दल सावध केलं, तर म्हणाला, सुईचं सुई बघेल, मला पाय पसरून झोपायचंय. अडाणी माणसाशी काय बोलणार.

६ एप्रिल
संकल्प: घर मिळेपर्यंत सासूबाईंना रोज पाठीवर घेऊन खाली न्यायचं. जावई असावा तर असा.

७ एप्रिल
एक जिना उतरलो. पाठीत उसण. सासूबाई कठड्याला धरून आपल्या आपण वर गेल्या, मला सुक-यीने नेलं. जुन्या इमारतींच्या पायऱ्या सदोष असतात.

२१ एप्रिल
दुसरं घर. खिडकीतून अंत्यविधीचा हॉल दिसतो. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, बरंच झालं, मला न्यायला गाडी नको. त्यांच्या विनोदाकडे दुर्लक्ष करून होकायंत्र काढलं. सुई परत माझ्यावर! घरात फिरलो तर माझ्यामागे फिरते. इतकं वाईट घर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. नाकारलं.

सुक-यी भांडली असती तर बरं होतं. रडली. म्हणाली, आईचे पाय एकदा जमिनीला लागू द्या हो. फार वाईट वाटलं. पण तिसरं घर सर्वोत्तम असणार, हे गणित आहे.

१८ मे
तिसरं पत्र. घर फानच्याच इमारतीत, त्याच्या बरोबर खाली! सरकारने माझी थट्टा मांडली आहे. पाहून आलो. सुईचं तेच. उद्या ड्यूटीवर निवांत बसून कडक शब्दांत नकार लिहिणार. माझ्यासारखा माणूस हातचा जातोय म्हटल्यावर चौथं काढतील.

१९ मे, संध्याकाळी
नकार उत्तम झाला. साडेतीन पानं. घरी आलो तर कुलूप.

फान आला होता म्हणे. सासूबाईंना पाठुंगळी मारून सात मजले खाली, तिथून टॅक्सीने ऑफिसात. अर्ज त्यांचा, सही त्यांची. घर घेऊन मोकळ्या झाल्या. परत येऊन म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही कामात होता, म्हणून त्रास दिला नाही. फानला उसण वगैरे काही नाही. तो नशीबवान आहे.

१ जून
नव्या घरात सामान लागलं. मी ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्ममध्येच. फान मदतीला आला होता. सगळ्यांसमोर होकायंत्र काढलं. म्हटलं, बघा, नंतर मला बोलू नका. सुई माझ्या छातीवर.

सासूबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ते छातीवरचं यंत्र काढून जरा स्टुलावर ठेवा. वॉकीटॉकी ठेवला. सुई स्टुलाकडे वळली. फानने स्टूल स्वयंपाकघरात नेलं. सुई शांतपणे उत्तरेला.

मग सुक-यीला हसू फुटलं, ते थांबेना. सासूबाई म्हणाल्या, होकायंत्र खानदानी आहे हो, घराला धोका कुणापासून ते पहिल्या दिवसापासून दाखवत होतं.

लिफ्टने सगळे टी-हाउसात. सासूबाईंनी लिफ्टमध्ये आरशात बघून केस सारखे केले. चहा मी ओतला, सगळ्यांना, आधी सासूबाईंना. सुक-यीने दोन बोटं टकटकवली. फाननेही.

सासूबाईंनी कप उचलला. म्हणाल्या, गार झालाय.