नवी चासी, लहान इंजिन

प्रिय ठोंब्या,

केस पिकायला लागले तरी मी तुला याच नावाने हाक मारणार, रागावू नकोस. पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, कारण आपल्या घरात कुणी पत्र लिहीत नाही. अप्पा आहेत. आत्ता पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर बस चालवतायत आणि मी ओट्याला टेकून हे खरडतेय. फोनवर मी तुला अर्धंच सांगत आले. अप्पांची सूज उतरली हे खरं, पण दुखणं उतरलेलं नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता औषधं त्रास कमी करण्यापुरती, बरं करण्यासाठी नाहीत. त्या दिवशी बसमध्ये जागा असूनही मी घरापर्यंत उभीच राहिले.

जिना उतरायला बंदी आली आणि अप्पांचं डेपोत जाणं सुटलं. निवृत्त झाले तरी रोज जाऊन बाकावर बसायचे, कुठल्या गाडीचा गिअर रडतोय ते नव्या ड्रायव्हरांना न विचारता सांगायचे आणि घरी येऊन म्हणायचे, आजकाल कुणाला कान नाहीत. आता घरात करणार काय? एका दुपारी बघते तर पलंगावर बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर दाबतायत. खाली रस्त्यावर कुणीतरी ब्रेक उशिरा लावला होता. आधी मला हसू आलं, मग मोरीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी कामावर, म्हणजे अजून तिथेच, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, नर्सला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बस चालवायचा खेळ येतो की कॉम्प्युटरवर, आरसे, थांबे, प्रवासी, सगळं अगदी खऱ्यासारखं. माझ्या मनाने तेच धरलं.

हौसेला मोल नसतं, असं ज्यांचा औषधांचा खर्च निघतो त्यांनी म्हणावं. दुकानात मी एकटी गेले, अप्पा फोनवर. मला वाटलं होतं, कॉम्प्युटर म्हणजे एक खोकं आणायचं. दुकानदाराने तर शाळाच घेतली. सगळं प्रोसेसरवर अवलंबून, म्हणाला, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड परवडणार नसेल तर चित्र दाखवायची सोय प्रोसेसरमध्येच असलेला घ्या, नाहीतर पडदा काळाच राहील. आपल्या पैशांत बसणारे दोन मार्ग होते. एक, मागच्या पिढीचा सहा कोअरचा प्रोसेसर. खेळ आजच छान पळेल, पण त्याच्या मदरबोर्डवर पुढे यापेक्षा फारसं मोठं काही बसणार नाही. दुसरा, नव्या पिढीचा मदरबोर्ड आणि त्यावर सगळ्यात साधा प्रोसेसर. आज रखडेल, पण दोन-तीन वर्षांनी चांगला प्रोसेसर आणून बसवला की झालं. तो सारखा ‘बोला लवकर, मागे गिऱ्हाईक आहे’ करत होता. तेव्हापासून अप्पा त्याला कंडक्टर म्हणतात.

मला पहिलाच घ्यायचा होता. दोन-तीन वर्षं होती कुठे? पण अप्पा फोनवरून म्हणाले, इंजिन लहान असलं तर चालेल, खालचा सांगाडा, चासी, नवी पाहिजे, इंजिन कधीही उतरवता येतं. कसं सांगणार होते मी त्यांना, की पुढचं नका बघू? तेवढ्यात त्यांनी मला थांबायला सांगून तुला फोन लावला. तू वर्षअखेरीला येणार आहेस, येताना चांगला प्रोसेसर आणशील का, असं विचारलं. आणतो, इकडे स्वस्त मिळतो, असं तू म्हणालास म्हणे. झालं, दुसऱ्या मार्गावर शिक्कामोर्तब.

कॉम्प्युटर आला. बंद पडलेल्या एका गेमिंगच्या दुकानातलं स्टिअरिंगही स्वस्तात मिळालं. अप्पा खेळात अपघात करत नाहीत, हॉर्न वाजवत नाहीत आणि पडद्यावरची म्हातारी चढेपर्यंत दार लावत नाहीत. पण शहर आलं, गर्दी वाढली, की चित्र अडखळतं. वळणावर हात फिरवला तर बस जरा वेळाने वळते. म्हणून ते शहरात जातच नाहीत. शेतांमधून जाणारा एक रिकामा रस्ता आहे, त्यावर रोज जातात आणि येतात. आयुष्यभर भर बाजारातून दुमजली बस काढणारा माणूस, रे. मला ते बघवेना.

दुकानदाराला गाठलं. तो भला निघाला, महिना झालेला नाही तर बोर्ड-प्रोसेसर दोन्ही बदलून देतो म्हणाला, वर एक पैसा नको. मी धावत घरी आले आणि अप्पांना सांगितलं. त्यांनी बस नीट थांब्याला लावली, हॅन्डब्रेक ओढला आणि मग माझ्याकडे वळले.

“नको बदलू. तुझा भाऊ नुसता मला बघायला आला तर बसणार कुठे आणि बोलणार काय? दोन दिवसांत परत जाईल. तो प्रोसेसर बसवायचा असला की आम्हाला दोघांना काम राहील. आणि डॉक्टर तुला बाहेर बोलावतात, ते मला कळत नाही असं समजू नकोस.”

एवढं बोलून पुन्हा गाडी काढली. मी मागे उभी राहून त्यांच्या मानेकडे बघत राहिले. किती बारीक झालीय मान. तू नोकरीसाठी लांब गेलास तेव्हापासून तुम्ही दोघं यंत्रांखेरीज कशावर बोलला नाहीत. माझी चिडचिड व्हायची. त्यांनी मात्र तेवढंच एक दार धरून ठेवलं आणि त्यापायी रोज रखडत रखडत रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवतायत.

फोनवर हे सांगता येत नाही, कारण तुझा फोन आला की ते स्पीकर लावायला सांगतात आणि सगळं काम सोडून बसतात. म्हणून हे पत्र. वर्षअखेरीची वाट बघू नकोस, तितके दिवस नाहीत असं डॉक्टर म्हणाले. रजा मिळेल तशी ये. मी काही लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. प्रोसेसर मिळाला तर आण. नाही मिळाला तरी ये, खोकं उघड, आहे तोच प्रोसेसर काढ, पूस आणि पुन्हा जागेवर बसव. सावकाश कर. त्यांना म्हण, अप्पा, जरा टॉर्च धरा.

तुझीच,
ताई