बाबांच्या नावाची सही

सर, तुम्ही गेलात त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. मी अंत्ययात्रेला आले नव्हते. निरोप मिळाला होता, रजाही मिळाली असती, पण पाय उचलला नाही. तुमच्यावरचा राग तेव्हा होता आणि आजही आहे, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही नेव्हीतून निवृत्त होऊन अंबरनाथच्या एका कारखान्यात साहेब झाला होतात. दर रविवारी आम्हा चाळी-झोपड्यांतल्या पोरांना टेम्पोत घालून बदलापूरच्या पुढे धरणावर न्यायचात आणि शिडाची बोट चालवायला शिकवायचात. पैसा घेत नव्हतात, वर केळी आणि पाव तुमच्याकडूनच. मी तेव्हा सातवीत. हजेरीला माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे. पण बोट वळवायच्या आधी सुकाणू धरणाऱ्याला ओरडून सांगावंच लागतं, नाहीतर शिडाचा आडवा दांडा फिरून जोडीदाराच्या टाळक्यात बसतो. माझी जोडीदारीण उल्हासनगरच्या कॅम्पातली सिंधी मुलगी. दोनदा दांडा खाल्ल्यावर ती भडकली, "चिल्लाके बोल ना! मेरा सर फूटेगा तब बोलेगी क्या?" मग मी असं काही ओरडले की काठावरची गुरं बिचकली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्याच आठवड्यात मी शाळेत पहिल्यांदा हात वर करून प्रश्न विचारला. हे तुमचंच देणं आहे, ते मी नाकारत नाही.

घरी मात्र मी शिवणक्लासला जाते असं सांगितलं होतं, कारण बाबांनी पाण्यावर जायला साफ नाही म्हटलं होतं. मग बोटी देणाऱ्या क्लबाने पालकांच्या सहीचे फॉर्म मागितले. मी तुम्हाला खरं ते सांगून टाकलं. बाबा नाही म्हणतात, आणि ते सहीही करत नाहीत, अंगठा लावतात. तुम्ही हसलात. "मग तर उत्तमच. सही ओळखणार कोण? तूच कर, पुढचं मी बघतो." तीन दिवस मी वहीच्या मागच्या पानावर बाबांच्या नावाची सही गिरवत होते. चांगली ऐटदार केली, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं, आमच्या हेडमास्तरांची असते तशी. खोटं बोलतेय असं वाटलंच नाही. उलट बाबांना काहीतरी देतेय असं वाटत होतं.

क्लबाचे लोक बघायला आले त्याच रविवारी कुणीतरी बाबांना सांगितलं. शहाडच्या कारखान्यातली पाळी संपवून ते तसेच धरणावर आले. आजही तो काठ डोळ्यांपुढे आहे. मी ओल्या कपड्यांत उभी आहे, बाबांच्या हातात रिकामा डबा आहे, आणि तुम्ही पाहुण्यांसमोर फॉर्म पुढे करताय. "अहो, ही तुमचीच सही ना?" बाबा कागद घेतात, सहीवरून बोट फिरवतात. "ह्ये माजं नाव हाय? मी तं अंगठा लावतो, साहेब." एक पाहुणा फिसकन हसतो. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघता. मी वाट बघतेय, तुम्ही आता पुढचं बघाल. आणि तुम्ही म्हणता, "म्हणजे हिनं मलाही फसवलं!"

किती सहज म्हणालात, सर. चेहऱ्यावर आश्चर्यसुद्धा आणलंत. बारा वर्षांच्या पोरीला तोंडघशी पाडून तुम्ही तुमच्या बोटी वाचवल्यात. हा दगा होता. याला दुसरा शब्द मी आजवर शोधला आणि मला सापडला नाही.

बाबांनी मारलं नाही. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "मास्तरनी सांगितलेलं का असं करायला?" मी नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात ते धुतलेला सदरा घालून अंबरनाथ पूर्वेला तुमच्या घरी आले, मला बरोबर घेऊन. दारातच हात जोडले. "पोरीच्या वतीनं माफी मागतो, साहेब. तुमच्यासारख्या मानसाला तिनं खोटं पाडलं." तुम्ही त्यांना बसा म्हणाला नाहीत. "ठीक आहे, ठीक आहे," म्हणालात आणि माफी ठेवून घेतलीत. माझ्या हट्टापायी, मला बोटीत परत घ्याल का, असं त्यांनी अडखळत विचारलं, तर यादी भरली म्हणालात. फॉर्मचं मी माफ करीनही कधीतरी. ती माफी तुम्ही कशी घेऊ शकलात, ते मला कळत नाही.

बाबा जाईपर्यंत मुलगी लबाड आणि मास्तर देवमाणूस, असंच समजत राहिले. मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून एक कबूल करते. त्या दिवशी मी नाही म्हटलं ते तुमची लाज राखायला नव्हे. तुमचं नाव चांगलं राहिलं तर बाबा मला पुन्हा धरणावर जाऊ देतील, एवढाच हिशेब मी केला होता. मला बोटीत बसायचं होतं, सर. त्यासाठी मी बाबांना तुमच्यापुढे हात जोडू दिले, आणि शेजारी गप्प उभी राहिले.