गाढवातला बी, गाईतला व्ही

वाल्दिव्हिया, ३ जून
रायेनच्या शाळेतून बोलावणं. ओयार्सून बाई म्हणाल्या, तिला डिस्लेक्सिया असावा, तपासून घेऊ. घरात आणखी कुणाला आहे का? नाही, म्हटलं. मी बोटींच्या कारखान्यात आराखडे काढते. असलं काही असतं तर माझ्या लक्षात आलं असतं. मुलगी आळशी आहे. बाबा गेल्यापासून धाकट्या बहिणीचे निर्णय मी घेते. तपासणीला संमती दिली नाही. जुलैतल्या हिवाळी सुट्टीच्या आत मीच तिला वाचायला लावीन.

४ जून
रोज श्रुतलेखन. गावाचं नावसुद्धा ती दर वेळी वेगळं लिहिते. बी आणि व्ही आमच्या स्पॅनिश तोंडात एकच, म्हणून सगळे सांगतात तसंच सांगितलं: बी 'बुर्रो'तला, म्हणजे गाढवातला, व्ही 'वाका'तला, म्हणजे गाईतला. ती म्हणाली, "ताई, वर्गात मला नुसतंच गाढव म्हणतात." मी पुढचा शब्द दिला.

९ जून
प्रगती. अख्खा धडा न अडखळता वाचला. आई चुलीजवळून म्हणाली, "पाठ केलाय गं तिने. पुस्तक उलटं आहे, बघ." पाठांतर ही पहिली पायरी असते.

१२ जून
पाऊस. फळीवर बाबांचा चष्मा. त्या बाजूने पुन्हा त्यांचा आवाज आला: "चष्मा विसरलो, पोरी. तू वाच." ओलं सरपण तडकतं, त्याचा आवाज.
गेल्या हिवाळ्यात बाबा होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत, त्या दिवशीही चष्मा घरीच होता. धक्क्यावर बंदर बंद असल्याची पाटी होती. लोक म्हणतात, हट्टी माणूस. हट्टी नव्हते. चष्मा नव्हता, एवढंच. हे मी प्रत्येकाला समजावलं आहे.

१६ जून
आराखड्यात डावं-उजवं उलटलं, शिडी भलत्याच बाजूला बसली. फोरमन म्हणाला, "इंजिनिअर बाई, माणसं धक्क्यावर उतरवायचीत की नदीत?" डाव्या मनगटावर मी लाल दोरा बांधते, काल धुवायला काढला होता. दोरा म्हणजे शिस्त. बोटींची नावंही मी दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेते. सुरक्षिततेसाठी.

२० जून
रायेन शाळेत गेली नाही. सरपणाच्या खोपीत सापडली. म्हणाली, "बाबापण पाटीसमोर असेच गप्प उभे राहायचे." त्यांचे डोळे कमजोर होते, म्हटलं. आणि लगेच उलगडा झाला: हिचेही डोळेच! इतकी साधी गोष्ट बाईंना सुचली नाही.

२३ जून
बाबांचा चष्मा आणि रायेनला घेऊन चष्मेवाल्याकडे. याच्यावरून हिचा अंदाज घ्या, म्हटलं. त्याने चष्मा यंत्रावर ठेवला, पुसला, पुन्हा ठेवला. "नंबर कुठला, मॅडम? साधी काच आहे. शोभेची." यंत्र तपासा, म्हटलं. त्याने तपासलं. रायेनचे डोळेही उत्तम आहेत.
म्हणजे त्या दिवशी चष्मा नेला असता तरी.
संध्याकाळी पुन्हा आवाज. "पोरी, तू वाच." चष्म्याचं काही म्हणाले नाहीत.

२४ जून
तपासणीला संमती दिली. बाईंनी पुन्हा विचारलं, घरात कुणाला? वडलांना होता, म्हटलं. आणखी? नाही. एवढेच.
त्याआधी, सकाळी, रायेन म्हणाली, "ताई, मलापण दोरा बांध ना." समोर बसवून तिच्या डाव्या मनगटावर नीट बांधला. दप्तर उचलता उचलता ती थांबली. "ताई, हा उजवा. या हाताने तर मी लिहिते."
ती समोर बसली होती, म्हणून. दुसरं काही नाही.