मोजणीचं मैदान

नाना, ईदच्या सुट्टीत आम्ही दोघं इथून, शारजाहून, जर्मनीला जाऊन आलो. तुमची नात तिथे म्युनिकला शिकते. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, त्यामुळे आजोबा म्हणजे तिच्या लेखी भिंतीवरचा फोटो: पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. आधी तिने बागा आणि राजवाडे दाखवले. मग एका सकाळी म्हणाली, शहराबाहेर नाझींच्या काळातली छळछावणी आहे, आता तिचं स्मारक केलंय, जाऊया. तुमची सून म्हणाली, "सुट्टीत कशाला असलं काही बघायचं?" मला मात्र जायचं होतं. खोटं कशाला बोलू, ज्याच्या नावाने सगळा तालुका तुम्हाला, माझ्या वडलांना, ओळखायचा, त्याचं कर्तृत्व एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी उत्सुकता होती.

कारण आपल्या शाळेचे हिटलर तुम्ही होतात. पोरं पाठीमागे म्हणायची, हेडमास्तर तोंडावर म्हणायचे, आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचा. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता तुम्ही म्हणायचा, "त्या माणसाने चार वर्षांत देश सरळ केला. आपल्याकडे असा एक हवा होता." कुणी तुम्हाला अडवल्याचं मला आठवत नाही. इतिहासाच्या पुस्तकात छळछावण्यांबद्दल जेमतेम एक वाक्य होतं, आणि ते परीक्षेला येत नसे. ते तुम्ही वाचलं होतंत का, हे मला आज विचारावंसं वाटतं. तेव्हा विचारलं असतं तर कानाखाली बसली असती, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. तुम्ही कधी कुणाच्या अंगाला बोट लावलं नाहीत. तुम्ही फक्त उभं करायचा.

लोखंडी फाटकातून आत गेलं की समोर खडीचं मैदान लागतं. नुसतं मैदान, बाकी काही नाही. चालताना आपल्याच बुटांचा आवाज एवढा होतो की लोक आपोआप पाय हळू टाकायला लागतात. आम्हाला माहिती देणारी बाई पन्नाशीची, बारीक, आवाज अगदी सपाट. तिने सांगितलं की इथे रोज सकाळ-संध्याकाळ कैद्यांची मोजणी व्हायची. रात्रीत कुणी मेलं असेल तर त्यालाही बराकीतून आणून रांगेच्या टोकाला ठेवायचे, कारण आकडा जुळायला हवा. एक जण जरी कमी भरला, तरी बाकीचे सगळे उभे, पावसात, बर्फात, कधी कधी रात्रभर. "आणि किती वेळ उभं राहायचं, हे त्यांना कधीच सांगितलं जात नसे," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. सगळे तिच्यामागे गेले. मी मात्र तिथेच होतो.

"बाबा, व्हाय आर यू स्टँडिंग लाइक दॅट?" पोरीने मागे वळून विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या टाचा जुळल्या होत्या, मुठी पँटच्या शिवणीला लागल्या होत्या आणि हनुवटी वर होती. थंडी वाजतेय, असं काहीतरी मी पुटपुटलो. आपल्या शाळेचं मैदान आणि ते मैदान एक नव्हे, एवढी अक्कल मला आहे. तिथे माणसं मारत होते. तरीही माझ्या अंगाने जे ओळखायचं ते ओळखलं होतं, आणि मला माझ्याच अंगाची भीती वाटली.

तो प्रयोगशाळेच्या काचेचा दिवस तुम्हाला आठवतो का? काच कुणी फोडली ते कळेपर्यंत सगळी शाळा मैदानावर. मी सातवीच्या रांगेत आहे. ऊन डोक्यावर आलंय, कुणी खोकतसुद्धा नाही. माझ्या पुढच्या मुलाच्या चड्डीतून ओघळ निघतो, पायावरून खाली येतो, मातीत काळा डाग पसरतो. तुम्ही रांगेरांगेतून येताय. तुम्ही तो डाग बघता. मला वाटतं, आता सुटलो. तुम्ही शांतपणे हुकूम देता, "सातवी, दोन पावलं पुढे." रांग सरकते, डाग आमच्या पायांखाली जातो, त्या मुलाची अब्रू वाचते. आणि तुम्ही आम्हाला तसंच उभं ठेवून आठवीकडे जाता. मी आयुष्यभर या एका गोष्टीसाठी तुमच्यावर माया केली, नाना, आणि आता त्याच गोष्टीने मला झोप लागत नाही. तुम्हाला सगळं दिसत होतं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात आई तुम्हाला पहिल्यांदा बोलली. "पोरं चक्कर येऊन पडली आणि तुमच्या घशाखाली भाकरी उतरते कशी?" तुम्ही पिठलं वाढून घेत म्हणालात, "उद्यापासून एकही काच फुटणार नाही." आणि खरंच फुटली नाही.

आता इथलं सांगतो. शारजाच्या औद्योगिक भागात आमचं फॅब्रिकेशनचं यार्ड आहे, मी तिथे मॅनेजर. जर्मनीहून आलो आणि उन्हाळ्यात तांब्याच्या वायरचं एक बंडल गायब झालं. मालकाने मला केबिनमध्ये बोलावलं. मीच कधीतरी हसत हसत तुमचे किस्से त्याला सांगितले होते. तो म्हणाला, "आप तो पी.टी. मास्टर के बेटे हो ना? ड्यूटी के बाद सबको यार्ड में खड़ा कर दो. कोई न कोई बोलेगा."

संध्याकाळी कामगारांना रूमवर नेणारी बस निघायच्या आधी मी फोरमनला सांगितलं. माणसं लगेच रांगेत उभी राहिली, कुणी कारणसुद्धा विचारलं नाही. सूर्य कलला होता तरी जमिनीतून वाफ येत होती. लांज्याकडचा एक वेल्डर आहे, माझ्याहून मोठा, माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून खूश असणारा. त्याने हात वर केला.

"साहेब, उभं ऱ्हायला काय नाय आमचं. पण किती टाईम, तेवढं आधी सांगा. माझी शुगरची गोळी रूमवर आहे."

मी फोरमनकडे बघितलं, मग घड्याळाकडे. शेवटी मी म्हटलं, "खलास. सब रूम पे जाओ." तरी बराच वेळ कुणी हललं नाही. यात काही डाव आहे, असं त्यांना वाटलं असावं.

मालक रागावला नाही. "कोई बात नहीं हबीबी, आप ऑफिस देखो," एवढंच म्हणाला आणि यार्डसाठी दुसरा सुपरवायझर आणला. त्याने सगळ्यांना उभं केलं. चार दिवसांनी वायर आमच्याच स्टोअरमध्ये, रंगाच्या पिंपांमागे सापडली. उभं राहणं मात्र थांबलं नाही. आता ते रोजचंच झालंय, बस येईपर्यंत, आणि बस कधी बोलवायची ते सुपरवायझर ठरवतो. मी केबिनच्या काचेतून बघतो. काच बाहेरून आरशासारखी आहे, त्यांना मी दिसत नाही. वेल्डर तरीही अधूनमधून इकडे बघतो.

गेल्या मंगळवारी तो डुलायला लागला. शेजारच्याने त्याला सावरायला हात पुढे केला आणि मी एसीत बसून मोठ्याने म्हणालो, "रांग मोडली."

शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंटने मान वर केली. "क्या हुआ सर?"

"कुछ नहीं."

वेल्डरला त्यांनी सावलीत बसवलं, पाणी पाजलं, बसने तो रूमवर गेला. दुसऱ्या दिवशी तो कामावर होता आणि संध्याकाळी पुन्हा रांगेत. पुढच्या वेळी तो उठेलच असं नाही, हे मला समजतं. अशा तक्रारींसाठी इथे सरकारी नंबर आहे. तो माझ्या मोबाईलमध्ये आहे, अजून लावलेला नाही. माझा व्हिसा या मालकाचा, पोरीचं शिक्षण या पगारावर. हेही खरं आहे, पण तेच कारण आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आज सुट्टीच्या दुपारी तो नंबर लावायला म्हणून मी दार लावून बसलो होतो, आणि त्याऐवजी हे लिहीत बसलो. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, नाना. त्या नंबरवर कुणीतरी फोन उचलेल, आणि आधी माझं नाव विचारेल.